सबमिशनमधला ‘मी’

बाबांनी मोबाइलवर माझा लेख शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “हे कधी झालं?”

गेल्या वर्षी मी एका ऑनलाइन लेखनवर्गात नाव घातलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी दोन तास, एकूण आठ आठवडे. आठवडाभर ऑफिसात जिरा आणि स्टॅण्डअप, आणि शनिवारी ‘स्वतःबद्दल लिहा’. दर वेळी पाचशे शब्द. तिसऱ्या आठवड्याचा विषय होता ‘घरातला एक आवाज’. मी बाबांवर लिहिलं. बाबा इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागावर होते. मागाच्या खात्यात एकदा तरी पाऊल टाकलेल्या माणसाला तिथला खडखडाट वेगळा सांगायला नको. आत कुणी बोलत नाही. हातवारे करतात, नाहीतर कानाला तोंड लावून ओरडतात. बाबांचे कान त्यातच गेले. इथवर सगळं खरं होतं.

शेवट मात्र मी असा केला: काम सोडल्यावर बाबा एक दिवस बंद पडलेल्या खात्यात जातात, थंड मागावर हात ठेवून डोळे मिटून उभे राहतात, जणू तळहातानं त्याचा आवाज ऐकतायत. आणि मी दारातून ते बघतोय.

असं काही झालेलं नव्हतं. ज्या खात्यात बाबा होते ते आजही चालू आहे.

वर्गात तो लेख गाजला. चॅटमध्ये बदाम पडले. मॅडम म्हणाल्या, “आता तुझा आतला आवाज सापडला बघ.” मी ते वाक्य दोन दिवस मनात घोळवलं आणि मग लेख बाबांना पाठवला. पुढचं वर सांगितलंच आहे.

चौथ्या आठवड्यात मॅडमनी वाचायला दोन मजकूर दिले. दोन्ही वर्गासाठी लिहिलेल्या लेखनाचे. त्यांतला एक वाचून मला माझ्या लेखात नेमकं काय बिघडलंय ते कळलं, म्हणून हे लिहितोय.

आधी आपल्या सगळ्यांचा इतिहास आठवा. मराठी शाळेत ‘मी’ कधी भेटतो? ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘पूरग्रस्ताचे मनोगत’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’. पुस्तक बोलतं, झाड बोलतं, शेतकरी बोलतो. ज्याच्या हातात पेन आहे तो पोरगा तेवढा बोलत नाही. ‘माझी आई’ या निबंधात तरी आई आपली असेल असं वाटतं, पण ती गाइडमधली असते. पहाटे उठते, देवपूजा करते, सगळ्यांची काळजी घेते. माझी आई पहाटे उठून दुसऱ्यांच्या धुण्याला जायची. ते मी निबंधात कधी लिहिलं नाही आणि कुणी लिहायला लावलंही नाही. पुढे इंजिनिअरिंगला आलो. तिथे पहिल्याच वर्षी ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारायला शिकलो: खाली काच, काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली. रेघा आपल्या हातच्या, चित्र दुसऱ्याचं. मला वाटतं, आम्ही निबंधांचीही जीटीच मारत आलो होतो.

मग मॅडमनी दिलेला पहिला मजकूर उघडला. मुक्ता साळवे यांचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आलेला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचं नियतकालिक, १८४२ पासून निघणारं. मुक्ता जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली मुलगी, मांग जातीतली, जेमतेम चौदा वर्षांची, शाळेत जाऊन तीन वर्षं झालेली. म्हणजे आजच्या हिशोबात आठवी-नववीच्या मुलीचं सबमिशन.

या निबंधाचं नाव मी ऐकलं होतं. जयंतीच्या पोस्टवर असतं. ‘पहिली दलित लेखिका’ असं लिहिलेलं असतं आणि आपण लाइक करून पुढे जातो. प्रत्यक्ष वाचलं नव्हतं. आदरानं न वाचणं ही आपल्याकडची जुनी सोय आहे.

वाचायला लागलो आणि पहिल्यांदा चकित झालो ते तर्कानं. सुरुवातीला मुक्ता ‘मी’ म्हणते, तेही नम्रपणे: आपण दीनदुबळी, कुवतीप्रमाणे विषय हाती घेतला आहे, वगैरे. आणि मग लगेच वाद घालायला बसते. वेद फक्त आमचे, असं ब्राह्मण म्हणतात ना? बरं, धरू या खरं. मग आम्हाला धर्मपुस्तक नाही. धर्मपुस्तक नाही म्हणजे आम्ही धर्मरहित. मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. नववीच्या भूमितीत आपण ‘अप्रत्यक्ष सिद्धता’ शिकतो: समोरच्याचं गृहीतक खरं मानायचं आणि ते कुठे जाऊन आपटतं ते दाखवायचं. ही मुलगी तेच करते. कुठेही हुंदका नाही.

मग उदाहरणं येतात. पेशवाईत महार-मांगांची किंमत गाढवाएवढीही नव्हती, असं ती म्हणते, आणि का ते सांगते: लंगड्या गाढवाला कुणी मारलं तर जाब विचारायला त्याचा मालक तरी येतो, यांच्यासाठी कोण येणार? तालीमखान्यापुढून जाणाऱ्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई, हे ती लिहिते. मी पुण्यात राहतो. गुलटेकडी म्हणजे माझ्यासाठी मार्केट यार्ड. गणपतीच्या आदल्या दिवशी झेंडूची फुलं स्वस्तात मिळण्याची जागा. हे वाचल्यावर तिथे पुन्हा गेलो तेव्हा थोडा वेळ गाडी बाजूला लावून थांबलो होतो.

इथे एक हिशोब करून बघा. पेशवाई संपली १८१८ मध्ये, निबंध छापला १८५५ मध्ये. मधे सदतीस वर्षं. मुक्तानं यातलं काहीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आलेलं असणार. म्हणजे आपण ज्याला ‘वैयक्तिक’ म्हणतो त्यात तिनं आजी-आजोबांचं ऐकीव घातलंय, आणि तरी खोटं वाटत नाही. मग माझ्या लेखातलं खातं खोटं का वाटतं? मीही न पाहिलेलंच लिहिलं होतं की. या प्रश्नावर मी बरेच दिवस अडकलो होतो.

उत्तर मला दोन ठिकाणी सापडलं. पहिलं बाळंतपणाचं. इथे मुक्ता पंडितांना सरळ हाक मारते, तुमची बडबड जरा बाजूला ठेवा आणि इकडे कान द्या, अशा सुरात. आणि सांगते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात याचा विचार करा. पुढे विचारते की त्या आजारी पडल्या तर वैद्याला द्यायला पैसे कुठून आणायचे. तुमच्यातल्या कुठल्या वैद्यानं फुकट औषध दिलंय? चौदा वर्षांची मुलगी दुःख सांगता सांगता बिल कुणाच्या नावावर फाडायचं तेही सांगते.

दुसरं ठिकाण याहून लहान आहे, घाईत वाचलं तर निसटेल. ब्राह्मणांची मुलं महार-मांगांच्या मुलांना दगड मारतात, लागतंही जबर. पण ही मुलं तक्रार करत नाहीत. का? कारण त्याच घरांत उष्टं मागायला जायचं असतं. बस, एवढंच. पेशवाईच्या गोष्टी मोठ्यांकडून ऐकता येतात, वेदांचा युक्तिवाद गुरुजींकडून शिकता येतो. पण दगड लागल्यावर रडू गिळून ‘उद्या या दारात जायचंय’ हा हिशोब करणारं पोर ज्याला माहीत आहे, त्यानं ते वस्तीतच पाहिलेलं असणार. कदाचित स्वतः केलेलं असणार. तिथे ती ‘मी’ म्हणत नाही. मला तरी सगळ्या निबंधात ती तिथेच सर्वांत जास्त दिसते.

आता एक आक्षेप घ्यायलाच हवा, नाहीतर ही समीक्षा न राहता आरती होईल. हा निबंध शाळेतला आहे, आणि शाळेच्या खुणा त्यावर आहेत. इंग्रज सरकारच्या राज्यात जुलूम थांबला याबद्दलची कृतज्ञता आहे. शिकण्याचं महत्त्व आहे. ज्ञानाचं औषध घ्या, असं आपल्या लोकांना शेवटी केलेलं आवाहन आहे. गुरुजींना आणि मिशनच्या संपादकांना हे आवडणारं होतं. धर्मग्रंथांच्या मक्तेदारीवरचा हल्लाही जोतीरावांच्या विचारांशी इतका जुळतो, की हा आवाज विद्यार्थिनीचा की शिक्षकाचा, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. मॅडमना काय आवडेल हे ओळखून लिहिण्यात मी स्वतः तरबेज, त्यामुळे मला तो वास लवकर येतो.

दुसऱ्या मजकुरानं इथे मदत केली. लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीची ‘थीम फॉर इंग्लिश बी’ ही कविता; त्याच्या १९५१ च्या संग्रहातली. कवितेत बोलतो तो बावीस वर्षांचा विद्यार्थी, वर्गातला एकटाच कृष्णवर्णीय. शिक्षकांनी गृहपाठ दिलाय: घरी जा, एक पान लिहा, आतून येऊ द्या, म्हणजे ते खरं असेल. मुलगा टेकडीवरच्या कॉलेजातून उतरून हार्लेममधल्या खोलीवर येतो आणि त्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे इतकं सोपं असतं का? मग तो आपल्या आवडीनिवडी लिहितो आणि अशा निष्कर्षाला येतो, की हे पान माझं असलं तरी त्यात थोडे तुम्हीही आहात, सर. तुम्हाला मी नको असलो तरी आणि मला तुम्ही नको असलात तरी. गंमत म्हणजे कवितेतला ‘मी’ ह्यूज नव्हेच. तो तेव्हा पन्नाशीला टेकला होता, आणि कवितेतल्या मुलाचं जन्मगावही त्यानं आपल्यापेक्षा वेगळं दिलंय. बनवलेला ‘मी’, पण खोटा नाही.

ही कविता वाचल्यावर ‘शिक्षकाचा आवाज की विद्यार्थ्याचा’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटायला लागला. वर्गासाठी लिहिलेल्या पानावर शिक्षक असणारच. तो काढून खाली ‘शुद्ध मी’ सापडेल ही आशा सोडलेली बरी. बघायचं ते एवढंच, की शिक्षकानं दिलेल्या साधनाचं विद्यार्थ्यानं काय केलं. मुक्ताला शाळेनं अक्षर दिलं, वादाची पद्धत दिली. तिनं ते घेऊन दगड आणि उष्टं यांना एका ओळीत आणलं. ते तिला कुणी सांगून सुचेल असं मला वाटत नाही.

आणि मी? मला वर्गानं ‘तपशिलानं लिहा, शेवट उघडा ठेवा, स्पर्श-गंध आणा’ अशी साधनं दिली. मी ती घेऊन थंड माग आणि तळहात बनवला. त्यात बाबांना मी दगडी पुतळ्यासारखं उभं केलं आणि स्वतःला दारात ठेवलं: हळवा, समजूतदार, सगळं टिपणारा मुलगा. न पाहिलेलं लिहिलं हा माझा गुन्हा नव्हता. मुक्तानंही लिहिलं, ह्यूजनंही. गुन्हा हा, की जे पाहिलं होतं ते झाकायला मी न पाहिलेलं वापरलं. बाबांचे कान कुणामुळे गेले, तीस वर्षांत कानात घालायला साधे बोळे कुणी का दिले नाहीत, हे माझ्या लेखात कुठेच नव्हतं. बिल कुणाच्याच नावावर नव्हतं. उलट सगळे बदाम माझ्या खात्यात जमा झाले.

आणि झाकलेलं काय होतं? इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी बाबा रोज रात्री हॉस्टेलवर फोन करायचे. ऐकू येत नसल्यामुळे ओरडून बोलायचे, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मलाही ओरडावं लागायचं. जेवलास का, पैसे आहेत का, सगळ्या मजल्याला कळायचं. रूममेट नक्कल करायचे. मग मी फोन सायलेंटवर टाकायला लागलो आणि आईला सांगितलं की इथे रेंज नसते. वर्षभर. रूममेट हसतील या भीतीनं. उद्या उष्टं मागायला जायचंय म्हणून गप्प बसणाऱ्या पोरांशी याची तुलना करायची माझी लायकी नाही; त्यांच्या गप्प बसण्यात भूक होती, माझ्यात नुसती लाज. पण ‘घरातला एक आवाज’ या विषयावर माझ्याकडे लिहिण्यासारखं जे खरं होतं, ते हे होतं.

शेवटच्या आठवड्यात जुना लेख सुधारून द्यायचा होता. मी खात्यातला प्रसंग काढून टाकला आणि रेंजपासून सुरुवात केली. वर्गात या वेळी फारसं कुणी काही बोललं नाही. मॅडमनी “शेवट जरा कोरडा झालाय” असं लिहिलं. असेल.

या वेळी सबमिट करण्याआधी बाबांना वाचायला दिला. सायलेंटच्या परिच्छेदावर ते थांबले असावेत, कारण बराच वेळ स्क्रीन खाली सरकली नाही. मग पुढे वाचलं. मोबाइल परत देताना म्हणाले, “एक चुकलंय. चार नाही, सहा माग बघायचो मी.” हे ते नेहमीसारखं ओरडूनच म्हणाले. मी दुरुस्ती केली.