विनोदाचा चाहता आणि विनोदाचा रसिक

या पाठात आपण स्टँड-अप कॉमेडी, एकपात्री कथाकथन आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रम यांचा चाहता नेमका कशाचा आनंद घेतो, हे पाहणार आहोत. विनोदाच्या समीक्षेत विनोदकाराची चर्चा भरपूर होते. हसणाऱ्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. ती उणीव थोडी भरून काढणे हा या पाठाचा हेतू आहे.

प्रस्तावना

चंदीगडच्या सेक्टर ४३ मध्ये आंतरराज्य बसस्थानक आहे. पंजाब आणि हिमाचलकडे जाणाऱ्या गाड्या इथून सुटतात. कल्पना करा, शिक्षणासाठी या शहरात आलेला एक मराठी विद्यार्थी इथे मनालीच्या गाडीची वाट पाहत बसला आहे. कानात इअरफोन आहेत आणि मोबाइलवर पु. ल. देशपांडे यांचे ‘म्हैस’ चालू आहे. कोकणातली एसटी, तिच्या वाटेत आलेली म्हैस आणि खोळंबलेले प्रवासी. हे कथन त्याने लहानपणापासून असंख्य वेळा ऐकले आहे. पुढचे वाक्य त्याला पाठ आहे. तरी तो हसतो, आणि बरेचदा ते वाक्य येण्याच्या क्षणभर आधीच हसतो.

शेजारी बसलेल्या पंजाबी प्रवाशाला या हसण्याचे कारण कळणार नाही. पण आपल्याला तरी ते कळले आहे का? आपला पाठ या प्रश्नापासून सुरू होतो.

१. पाठ असलेल्या विनोदाला हसू का येते?

विनोदाची मीमांसा करताना आपण विसंगती आणि अपेक्षाभंग या कल्पना शिकतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९० साली मांडलेला विचार असा, की ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरली की हसू येते. हे मान्य केले तर पाठ असलेल्या विनोदाला हसू यायला नको, कारण तिथे कोणतीही अपेक्षा भंगत नाही. श्रोत्याला जे हवे असते तेच त्याला मिळते.

इथे संगीताची उपमा उपयोगी पडते. ओळखीची बंदिश ऐकताना सम कुठे आहे हे आपल्याला माहीत असते. गायक तिथे कसा येतो, यात आपला जीव गुंतलेला असतो आणि समेवर मान आपोआप डोलते. पु. लं.च्या कथनातही श्रोता वाट पाहत असतो ती थांबण्याची जागा, बदललेला आवाज आणि अचूक वेळी टाकलेला शब्द यांची. ‘अंतू बर्वा’ किंवा ‘रावसाहेब’ ऐकणारा माणूस गोष्ट कळावी म्हणून ऐकत नाही. ती व्यक्ती पुन्हा भेटावी म्हणून ऐकतो.

म्हणजे चाहत्याच्या आनंदात किमान तीन थर असतात. पहिला विनोदाचा, म्हणजे कल्पना आणि शब्द यांचा. दुसरा सादरीकरणाचा. तिसरा ओळखीचा: हा माणूस आपला आहे, हे जग आपले आहे आणि हे कळणारे आपण सारे एक आहोत. बसस्थानकावरच्या त्या विद्यार्थ्याला परमुलखात या तिसऱ्या थराची सर्वांत जास्त गरज असते. त्याला कमी लेखण्याचे काही कारण नाही. मात्र तो थर पहिल्या दोघांना गिळून टाकू शकतो, आणि तिथे समीक्षेचे काम सुरू होते.

२. दूरचित्रवाणीवरचे हसू

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. स्वतः हसणे हे आत्मस्थ, दुसऱ्याला हसवणे हे परस्थ. पुढच्या विवेचकांनी परस्थाचा आणखी एक अर्थ केला: दुसऱ्याला हसताना पाहून आपल्याला येणारे हसू. आजचे विनोदी कार्यक्रम या शेवटच्या प्रकारावर मोठ्या प्रमाणात उभे आहेत.

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ हा कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला. त्यातील प्रहसने पाहताना कॅमेरा मधूनमधून परीक्षकांकडे वळतो. ते खुर्चीत मागे रेलून हसत असतात, टाळ्या देत असतात. प्रहसन चांगले असेल तर हे हसू आपल्या हसण्याला सोबत करते. ते फिके असेल तर हेच हसू आपल्या वतीने निकाल देऊन मोकळे होते. पुढच्या वेळी पाहताना एक प्रयोग करा: परीक्षक दिसले की नजर बाजूला घ्या, आणि आपण खरोखर किती वेळा हसलो ते मोजा. समीर चौघुले यांचे एखादे चांगले सादरीकरण या परीक्षेत सहज टिकेल. सगळी टिकणार नाहीत.

ओळखीच्या थराचेही उदाहरण इथेच सापडते. गौरव मोरे यांनी पवईच्या फिल्टरपाड्याचे नाव घेतले की प्रेक्षक आनंदतो. त्या उल्लेखात नवा विनोद दरवेळी नसतो. पण वस्तीत वाढलेला एक मुलगा आपल्या वस्तीचे नाव न लाजता सांगतो, याचा आनंद त्यात असतो. हा आनंद विनोदाचा नसला तरी खरा आहे. तो कशाचा आहे हे ओळखणे, एवढेच समीक्षकाचे काम.

‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. तिथे गप्पा, प्रहसन आणि चित्रपटाची जाहिरात एकत्र आली. पाहुणा बहुधा नव्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी आलेला असे, त्यामुळे त्याची थट्टा त्याला बोचणार नाही इतकीच होई. साडी नेसलेला पुरुष हे तिथले हमखास हशाचे साधन होते. भाऊ कदम यांच्यासारखा नट केवळ थांबण्याच्या जागेने हसवू शकतो. मग साडीचा आधार पुन्हा पुन्हा का लागावा? आणि तिथे आपण नटाच्या कसबाला हसतो, की बाईच्या रूपालाच हसण्याजोगे मानतो? चाहत्यांनी हा प्रश्न क्वचितच विचारला. त्याच कार्यक्रमात अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचत, तेव्हा तोच प्रेक्षक गंभीर होई, डोळे पुसे. म्हणजे प्रेक्षकाची कुवत कमी नव्हती. त्याच्याकडून अपेक्षाच कमी ठेवली जात होती.

३. सविकल्प समाधी

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदा येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवाशी एकरूप होतो, पण आपण वेगळे आहोत हे भान त्याला सुटत नाही. हे दोन्ही एकाच वेळी घडते म्हणून आनंद होतो. केळकरांनी पुढे विनोदावरही ‘हास्यविनोदमीमांसा’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

ही कल्पना आपल्या विषयाला लावून पाहू. रसिक विनोदकाराशी एकरूप होतो, पण विकल्प राखून. इथे हसू आले नाही, हे तो स्वतःशी कबूल करू शकतो. चाहत्याची समाधी अधिक गाढ असते. आपला विनोदकार बोलला म्हणजे हसायचे, हे त्याने आधीच ठरवलेले असते. त्याचा विकल्प हरवतो. यात विनोदकाराचेही नुकसान होते. स्टँड-अपच्या कलावंताजवळ ना नेपथ्य असते ना सहकलाकार. विनोद चुकला हे त्याला कळते ते समोरच्या शांततेतून. चाहत्यांनी भरलेले सभागृह त्याला ही शांतता देत नाही. प्रत्येक ओळीला हशा मिळू लागला की चांगली ओळ आणि वाईट ओळ यांतला फरक त्याला कोण सांगणार?

४. चंदीगडचा धडा: जसपाल भट्टी

आता पुन्हा चंदीगडला येऊ. जसपाल भट्टी (१९५५–२०१२) याच शहरातले. ते पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजचे पदवीधर होते, ‘द ट्रिब्यून’ या दैनिकात त्यांनी व्यंगचित्रे काढली आणि त्यांचा ‘नॉनसेन्स क्लब’ रस्त्यावर पथनाट्ये करी. १९८९ साली दूरदर्शनवर आलेली त्यांची ‘फ्लॉप शो’ ही मालिका अवघ्या १० भागांची होती.

तिचे विषय पाहा: औषधांची खोटी बिले, ठेकेदार, कार्यालयातल्या बैठका, पीएच.डी.चा मार्गदर्शक. राज्यकर्त्यांकडे बोट दाखवून प्रेक्षकाला मोकळे करणे भट्टी यांनी टाळले. पीएच.डी.च्या भागात संशोधक विद्यार्थी प्रबंधापेक्षा मार्गदर्शकाच्या घरकामात गुंतलेला दिसतो. प्रत्येक भाग ज्यांची टर उडवली त्यांनाच उपरोधाने अर्पण केलेला असे. खोट्या बिलांचा भाग पाहणाऱ्या घरातही अशी बिले तयार होत असण्याची शक्यता होती. हसणारा आणि आरोपी एकाच सोफ्यावर बसलेले होते.

इथे ओळखीचा थर उलट्या दिशेने काम करतो. ‘हे आपलेच आहे’ ही जाणीव सुखावत नाही, टोचते. तरी हसू येते. तुम्ही स्वतः संशोधन करत असाल, तर तो भाग आज पाहताना आपण कुणाला हसतो आहोत, याचा विचार करा. उद्या तुम्हीही मार्गदर्शकाच्या खुर्चीत बसाल.

५. बाजू आधी, हसू नंतर

विकल्प हरवला की काय होते, याचे अलीकडचे उदाहरण मुंबईचे आहे. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमातील उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीतावरून वाद झाला आणि शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खारच्या हॅबिटॅट या कार्यक्रमस्थळी तोडफोड केली. तोडफोडीचे समर्थन होऊ शकत नाही, हे आधी स्पष्ट म्हणायला हवे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवावी लागेल. ते विडंबन विडंबन म्हणून कसे जमले आहे, ही चर्चा जवळजवळ झालीच नाही. माणसाची बाजू ठरली की त्याचे हसूही ठरत होते. कलेचा न्याय करण्यासाठी कुणीच उरले नाही. कलावंताच्या हक्काच्या बाजूने उभे राहून त्याचा विनोद फसला असे म्हणता आले पाहिजे, आणि राजकीय मत पटत नसतानाही विनोद उत्तम होता असे म्हणता आले पाहिजे. रसिकाचे स्वातंत्र्य ते हेच.

समारोप

चाहता असणे हा दोष नाही. आवडीशिवाय कोणतीही कला जगत नाही, आणि घरापासून दूर बसलेल्या माणसाला ‘म्हैस’ ऐकून जो दिलासा मिळतो, तो समीक्षेने हिरावून घेऊ नये. मात्र आवडत्या विनोदकाराला आपण देऊ शकतो अशी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रामाणिक हसू. हसू आले नाही तेव्हा गप्प राहण्याची तयारी असेल, तरच ते प्रामाणिक ठरते.

स्वाध्याय

आपल्या आवडत्या विनोदकाराचे १० मिनिटांचे सादरीकरण निवडा आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.

१. कोणत्या ठिकाणी हसू विनोदाला आले, कोणत्या ठिकाणी सादरीकरणाला आणि कोणत्या ठिकाणी केवळ ओळखीला?
२. हाच विनोद तुम्हाला न आवडणाऱ्या व्यक्तीने केला असता, तर तुम्ही हसला असता का?
३. या हसण्याची किंमत कोण मोजतो? ती व्यक्ती तुमच्या शेजारी बसली असती, तर तुम्ही तेवढ्याच मोकळेपणाने हसला असता का?