ग्रंथपरीक्षण : कॅथरीन लॉक यांचें चरित्र

इ. स. १८८८ मध्यें लष्करी रुग्णालयांतील शुश्रूषेसाठीं इंग्लंडहून दहा परिचारिका मुंबईस आल्या. कॅथरीन लॉक यांची तुकडी रावळपिंडीस गेली. मिस ऑक्सले यांची बंगळुरास. लॉक यांचें चरित्र त्यांच्या पश्चात् १९०५ सालीं लंडनांत निघालें. त्यांतील पत्रें समकालीन म्हणून मोलाचीं खरीं. तथापि निवडून छापलेलीं पत्रें म्हणजे अस्सल दप्तर नव्हे. डोलीवाल्यांची, भिस्त्यांची बाजू त्यांवरून ठरवूं नये. एकतर्फी साक्षीवर निवाडा होत नाहीं. बंगळुराकडील लोहमार्ग कर्जतवरून बोरघाट चढतो. कर्जत-खालापुरांतील कोणा घरीं लष्करी चाकरीचीं जुनीं पत्रें असल्यास संग्राहकांनीं तीं वाळवीच्या आधीं हस्तगत करावीं, अशी आमची विनंती आहे.