मागच्या रांगेतला माणूस

आपल्याकडे मैफल संपली की रसिक गवयाभोवती जमतात. तबलजी बिचारा कोपऱ्यात आपला तबला गवसणीत घालीत असतो. न्यूयॉर्कच्या नाचघरांतही तालवादकाची जागा अशीच मागच्या रांगेत ठरलेली असे. ती रीत मोडणारा वादक म्हणून तितो पुएन्ते याचे मला नेहमी कौतुक वाटते.

पोर्तो रिकोहून आलेल्या आईबापांच्या पोटी १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या मुलाला नर्तक व्हायचे होते. ते राहून गेले. पण नाचणाऱ्याचे पाय जणू त्याच्या हातांत उतरले. महायुद्धात आरमारात चाकरी करून परतल्यावर माजी सैनिकांच्या सवलतीवर तो जुलियार्ड संगीतविद्यालयात शिकला. पुढे पॅलेडियम नाचघरात त्याचा वाद्यवृंद गाजू लागला. टिंबालेस म्हणजे धातूच्या अंगाचे, एकाच तोंडाचे दोन उथळ ढोल; ते उभ्याने काठ्यांनी वाजवायचे. हे वाद्य त्याने मागून उचलून थेट प्रेक्षकांसमोर आणले.

लोक त्याच्या हातावर भाळले. मला मात्र त्याचे मोठेपण लेखणीत दिसते. त्याची १९५८ची 'डान्स मेनिया' ही ध्वनिमुद्रिका ऐकावी. तीत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन नुसते गात नाहीत, तेही ठेका धरतात. क्लावे नावाचे पाच ठोक्यांचे आवर्तन या संगीताचा कणा. प्रत्येक सुरावट त्याला अचूक बिलगते. सारा वाद्यवृंदच एक तालवाद्य होऊन जातो! पुढे येऊनही साथीचा धर्म त्याने सोडला नाही, तो असा. शंभरांहून अधिक ध्वनिमुद्रिकांपैकी सगळ्याच या तोलाच्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

आता माझीच एक कबुली. 'ओये कोमो वा' हे गीत मी प्रथम ऐकले ते सांतानाच्या १९७०च्या मुद्रिकेवर, आणि कित्येक वर्षे ते त्याचेच समजत होतो. पुएन्तेने ते त्याआधी सातआठ वर्षे बांधले होते. आणि त्याच्याही मुळाशी क्यूबाच्या काचाओची 'चांचुयो' ही जुनी रचना आहे. म्हणजे कर्ता पुढे येऊन उभा राहिला, तरी ऐकणारे त्याला पुन्हा मागे लोटतातच!

२००० साली पुएन्ते गेला. तेव्हापासून मैफल संपली की मी आधी कोपऱ्याकडे जातो, आणि तबलजीचे नाव विचारून घेतो.