'शहराने गिळलेलं गाव' : कशेळीत बसून रेमंड विल्यम्स वाचताना

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या ड्राफ्टमधलं पहिलंच वाक्य होतं, "कशेळी हे शहराने गिळलेलं गाव आहे." गाईडनी 'शहराने' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि बाजूला एवढंच लिहिलं: "हा कोण?" तेव्हा राग आला होता. बाळकुमहून खाडीवरचा पूल ओलांडला की टॉवर, रस्त्याच्या मधोमध मेट्रो ५ चे खांब, आणि पुढे काल्हेर-पूर्ण्यापर्यंत गोडाऊनच गोडाऊन. अजून काय पुरावा पाहिजे?

त्यानंतर 'द कंट्री अँड द सिटी' वाचलं. रेमंड विल्यम्सचं हे पुस्तक १९७३ चं. आपल्याकडे ते इंग्रजी साहित्यवाल्यांचं समजलं जातं, त्यामुळे समाजशास्त्र किंवा भूगोलवाले त्याच्या वाटेला जात नाहीत. चूक आहे ती. नागरीकरणावर संशोधन करायचं असेल तर निदान सुरुवातीची दोन प्रकरणं वाचाच.

त्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे सरकता जिना. 'जुनं गाव आत्ताच संपलं' असं म्हणणारं एक पुस्तक विल्यम्स घेतो. त्या लेखकाच्या मते जुनं गाव त्याच्या लहानपणी शाबूत होतं. मग त्या लहानपणाच्या काळातली पुस्तकं उघडतो, तर तिथले लेखकही तेच म्हणतायत, आमच्या डोळ्यांदेखत गाव गेलं. असं मागे मागे जात तो हार्डी, गोल्डस्मिथ, थॉमस मोर करत थेट ईडनच्या बागेपर्यंत पोचतो.

बरेच विद्यार्थी इथेच पुस्तक मिटतात आणि लिटरेचर रिव्ह्यूत लिहितात की विल्यम्सच्या मते गावाची हळहळ हा भ्रम आहे. तो असं म्हणतच नाही. हळहळ प्रत्येक काळात सारखी ऐकू येते, पण दर वेळी तिच्यामागचा व्यवहार वेगळा असतो, आणि तो व्यवहार शोधा, असं त्याचं म्हणणं आहे. तो स्वतः वेल्सच्या सीमेवरच्या पँडी गावचा, सिग्नलमनचा मुलगा. गावाची चेष्टा करायला बसलेला माणूस नव्हे.

आता हा जिना कशेळीत लावून बघू. मेट्रोच्या आधी टॉवर आले, टॉवरच्या आधी गोडाऊन. गोडाऊन का आले? मुंबईत माल नेला की जकात भरावी लागायची. म्हणून व्यापारी माल हद्दीबाहेर ठेवायचे आणि लागेल तसा आत न्यायचे. भिवंडी तालुका त्यासाठी अगदी सोयीचा होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊन गेले नाहीत, उलट आणखी मोठे झाले. त्याच्याही मागे जा. खाडीतली रेती निघाली ती इमारतींसाठीच. अजून मागे, १८९२ साली तानसाचं पाणी मुंबईला पोचलं ते याच तालुक्यातून. म्हणजे 'शहर येण्याआधीचं कशेळी' नेमकं कुठल्या सालातलं? मला ते साल अजून सापडलेलं नाही.

पण विल्यम्सशी माझं भांडण आहे ते इथून पुढे. त्याच्या इंग्लंडमध्ये जमीनदार कुंपण घालतो आणि गरीब बाहेर पडतो. आपल्याकडे मधे कुळकायदा येतो. १९४८ चा कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, आणि ठाणे जिल्ह्यात अनेक कुळं जमिनीची मालक झाली. त्यामुळे या पट्ट्यात भातखाचरावर भराव टाकून गोडाऊन भाड्याने देणारा माणूस बऱ्याचदा त्याच गावचा आगरी शेतकरी किंवा त्याचा मुलगा असतो. त्याला तुम्ही 'गिळलेला' म्हणणार? ज्याचं सातबारावर नावच नव्हतं तो आदिवासी मजूर, ज्यांचं पोट खाडीवर होतं ती कुटुंबं, हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या झालेल्या बहिणी, यांच्यासाठी तोच काळ अगदी वेगळा गेला. 'गावाला शहराने गिळलं' या एका वाक्यात मालक आणि मजूर एकाच घासात जातात. माझ्या ड्राफ्टमधली खरी चूक ती होती.

घुर्ये इथे थोडे कामाला येतात, थोडेच. १९६३ च्या पुस्तकात त्यांनी पुण्याजवळचा हवेली तालुका घेऊन 'रुरर्बन' समाज मांडला (मोठ्याने म्हणताना जीभ अडखळते, व्हायव्हात सांभाळा). मधली अवस्था अभ्यासाचा विषय आहे, हे त्यांनी लवकर ओळखलं. अडचण अशी की 'मधली' म्हटलं की उद्या संपणारी वाटते. कशेळीत ती संपत नाही. २००७ मध्ये आसपासच्या साठ गावांसाठी एमएमआरडीए हे विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं, ग्रामपंचायत मात्र राहिली. पाणी, कचरा, गटार मागायला माणूस ग्रामपंचायतीत जातो आणि विकास आराखडा बघायचा तर बीकेसीत. जनगणनेची फूटपट्टी (किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० घनता, ७५ टक्के पुरुष मुख्य कामगार बिगरशेतीत) लावली की गाव कागदावर 'जनगणना शहर' होऊ शकतं, पण त्याने नगरपरिषद मिळत नाही. आणि त्या तिसऱ्या निकषात बायकांचं काम मोजलंच जात नाही, याच्याकडे लक्ष द्या. त्यावर एक अख्खा पेपर होईल.

एक व्यावहारिक सूचना. नुसतं 'कशेळी' टाकून शोधलंत तर राजापूर तालुक्यातलं कनकादित्याचं कशेळी समोर येतं. माझे दोन दिवस त्यात गेले. तालुका टाका, आणि तलाठ्याकडचे फेरफार मागायला लाजू नका. मुलाखतीत सगळे 'पूर्वी किती छान होतं' म्हणतात, फेरफारात तारीख आणि नाव असतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं.

गेल्या महिन्यात एका आजींना विचारलं, गाव कधी संपलं? त्या म्हणाल्या, संपलं कुठे, मी इथेच आहे की, फक्त आता अंगणात भात वाळवता येत नाही. मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. ती भिंत त्यांच्या दिराच्या गोडाऊनची होती. सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य आता तिथून सुरू होतं. गाईडनी अजून पेन्सिल लावलेली नाही.