प्रौढ अभ्यासकाचे ग्रीक आणि पाठ्यसाधनांची निवड : नाशिकच्या संदर्भात एक चिकित्सा

प्राचीन भारताच्या अभ्यासात ग्रीक साधनांचा उल्लेख वारंवार होतो. परंतु आपल्या महाविद्यालयांतील बहुतांश अध्यापक ही साधने इंग्रजी भाषांतरातूनच वाचतात. तिशी-चाळिशीत ही भाषा शिकू इच्छिणाऱ्या अध्यापकाने कोणते पुस्तक हाती घ्यावे, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

नाशिकपुरते पाहिले तर ग्रीकांशी असलेला संबंध दूरचा नाही. टॉलेमीच्या भूगोलग्रंथात ‘नासिका’ हे नाव येते. पांडवलेण्यातील १७ क्रमांकाचे लेणे धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या उत्तरेकडील यवनाने कोरविले. मात्र त्याचा लेख प्राकृतात व ब्राह्मी लिपीत आहे. ग्रीक अक्षरे आपल्याकडे आढळतात ती नाण्यांवर. १९०६ साली जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापलेली आहेत. त्यांच्या दर्शनी बाजूस राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरांतील लेख आहे. गंमत अशी की लिपी ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही. मागील बाजूस ब्राह्मीत व खरोष्ठीत असलेला ‘राञो छहरातस नहपानस’ हाच प्राकृत मजकूर तेथे लिप्यंतरित केलेला आहे. पुढे पुढे ही अक्षरे इतकी बिघडत गेली की साचा कोरणाऱ्याला ती वाचता येत होती काय, अशी शंका येते.

येथेच प्रचलित पाठ्यपुस्तकांची पहिली मर्यादा दिसते. ती सर्व छोट्या लिपीपासून, स्वराघाताच्या व श्वासाच्या चिन्हांसह आरंभ करतात. ही छोटी लिपी मध्ययुगीन हस्तलिखितांची देणगी आहे. नाण्यांवर असतात ती केवळ मोठी अक्षरे, तीही चिन्हांविना आणि शब्दांत अंतर न ठेवता. नाणी वाचू इच्छिणाऱ्याने म्हणून मोठी अक्षरे व षष्ठी विभक्ती यांपासून सुरुवात करावी. मिनांडरच्या नाण्यावरील ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’ म्हणजे ‘राजा, त्राता मेनांद्र याचे’. तीनही पदे षष्ठीत आहेत आणि मागील बाजूस ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ हा जणू तयार उत्तरसंच दिलेला आहे. द्विभाषिक नाण्यापेक्षा चांगला पहिला धडा आपल्या अभ्यासकाला क्वचितच मिळेल.

सहज उपलब्ध असलेल्या पुस्तकांत केंब्रिजचे ‘रीडिंग ग्रीक’ (१९७८, दुसरी आवृत्ती २००७) आणि ऑक्सफर्डचे ‘अथेनाझे’ ही दोन प्रमुख होत. दोन्ही अ‍ॅटिक बोलीची, आणि दोन्ही कथेतून व्याकरणाकडे नेणारी. पहिल्यातील उतारे मूळ लेखकांवरून बेतलेले आहेत आणि स्वयंअध्ययनासाठी त्याची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. शिक्षक नसलेल्या प्रौढास हे अधिक उपयोगी. वेनहॅम यांचे १९६५ चे पुस्तक बायबलच्या नव्या कराराच्या ग्रीकसाठी लिहिलेले असून त्यात स्वराघातचिन्हे जवळपास वगळली आहेत. अनेकांनी हा दोष मानला. आपल्या कामास तो सोयीचा आहे, कारण ‘पेरिप्लस’ची भाषाही त्याच सुमाराची कोइने ग्रीक आहे. मोबाइलवरील लोकप्रिय ड्युओलिंगो आधुनिक ग्रीक शिकवते; त्याचा येथे विचार करण्याचे कारण नाही.

ही सर्व पुस्तके इंग्रजीभाषकाला गृहीत धरतात, ही दुसरी आणि अधिक मूलभूत मर्यादा. नपुंसकलिंग म्हणजे काय हे त्यांना समजावावे लागते; मराठी माणसाला ते घरातच मिळते. ज्याला ते ‘मध्यम प्रयोग’ म्हणून पानेच्या पाने विशद करतात, तो संस्कृत जाणणाऱ्याला आत्मनेपद या एका शब्दात कळतो. ‘एफेरे’ आणि ‘अभरत्’, ‘देदोर्के’ आणि ‘ददर्श’ शेजारी ठेवले की अडागम व द्वित्व यांचा वेगळा पाठ लागत नाही. थीटा, फी, खी यांचे अभिजात काळातील उच्चार थ्, फ्, ख् असे महाप्राण होते. इंग्रजी पुस्तकाच्या मागे लागून आपण ते विनाकारण घर्षक करतो. सिडनी अ‍ॅलन यांचे ‘व्हॉक्स ग्रेका’ (१९६८) याबाबतीत अवश्य पाहावे; प्राचीन भारतीय ध्वनिशास्त्रावरही त्यांनी ग्रंथ लिहिला आहे.

मात्र संस्कृतचा आधार सर्वत्र चालत नाही. अभिजात संस्कृतात लङ्, लुङ् व लिट् हे भूतकाळ व्यवहारात जवळपास समानार्थी झाले. ग्रीकमध्ये तसे नाही. चालू असलेली क्रिया आणि एकवार घडलेली क्रिया यांतील भेद तेथे जिवंत आहे. संस्कृतज्ञ येथे हमखास घसरतो. ‘करत होता’ आणि ‘केले’ हा मराठीचा भेद त्याला अधिक जवळचा ठरेल.

प्रौढ वयात हे जमते काय, या शंकेला पंडिता रमाबाईंचे उदाहरण पुरेसे आहे. संस्कृतच्या पायावर उभ्या असलेल्या या विदुषीने हिब्रू व ग्रीक आत्मसात करून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. त्यांच्या निधनानंतर (१९२२) ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे उद्दिष्ट एकाच ग्रंथाचे होते, हे साधननिवडीच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

इतिहासाच्या अध्यापकाचा असा एक ग्रंथ म्हणजे ‘पेरिप्लस’. शॉफ यांचे १९१२ चे भाषांतर आपल्याकडे अजूनही सर्रास उद्धृत होते. त्यातील ‘नंबानस’ म्हणजेच नहपान, असे वर्गात सांगितले जाते. परंतु ते नाव हस्तलिखितात जसेच्या तसे नाही, ती संपादकीय दुरुस्ती आहे. केवळ भाषांतर वाचणाऱ्याला हा सांधा दिसत नाही, आणि नहपानाचा काळ ठरविताना त्याच सांध्यावर भार टाकला जातो. कॅसन यांच्या १९८९ च्या आवृत्तीत मूळ ग्रीक, समोर भाषांतर व सविस्तर टीपा आहेत. वेनहॅमचे निम्मे पाठ संपले की ती उघडावी आणि पैठण, तेर, सोपारा व कल्याण यांचे उल्लेख असलेले परिच्छेद शब्दकोश हाताशी ठेवून प्रथम वाचावेत.