पाइप बंद झाला, गाळाचे काय?

नदीप्रदूषणाच्या धड्यातले चित्र ठरलेले असते: कारखान्याचा पाइप, काळे पाणी, मेलेले मासे. उपायही ठरलेला: पाइप बंद करा, नदी स्वच्छ होईल. गाळाचे नमुने तपासणाऱ्या माझ्यासारख्याला हे खटकते. पाणी वाहून जाते. गाळ मागे राहतो.

अमेरिकेतील पोर्टलंड शहराचे बंदर पाहा. ते विलामेट नदीवर आहे. तेथे शतकभर जहाजबांधणीसारखे उद्योग चालले. डीडीटीच्या वापरावर अमेरिकेत १९७२ साली, तर पीसीबीच्या उत्पादनावर १९७९ साली बंदी आली. तरीही २००० साली नदीचा सुमारे १६ किलोमीटरचा पट्टा अतिप्रदूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत घालावा लागला. सफाईचा आराखडा मंजूर व्हायला २०१७ साल उजाडले.

असे का? ही रसायने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. मातीच्या बारीक कणांना चिकटून ती तळाशी बसतात. तेथून गाळातले किडे, मग मासे, मग मासे खाणारी माणसे अशी वर चढतात. म्हणूनच तेथे कायम राहणारे बास, कार्प हे मासे खाण्याबाबत इशारा दिलेला आहे. समुद्रातून येऊन पुढे जाणाऱ्या सामनला तो लागू नाही.

गाळ उपसावा, तर विष ढवळून निघते. वाळूने झाकावा, तर ते झाकण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागते. धड्यात यातले काहीच नसेल, तर नितळ पाणी म्हणजे निर्धोक नदी, असेच मुले समजतील. निदान फळ्यावरच्या चित्रात नदीचा तळही काढू या.