‘धर्मवीर’ की ‘स्वराज्यरक्षक’? : बिरुदांच्या पक्षीय वादाची एक चिकित्सा

दि. ३० डिसेंबर २०२२ रोजी नागपूर येथील हिवाळी अधिवेशनात बारामतीचे आमदार व तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी छत्रपती संभाजी महाराज हे ‘धर्मवीर’ नव्हे, तर ‘स्वराज्यरक्षक’ होते, अशा आशयाचे प्रतिपादन केले. भारतीय जनता पक्षाने त्याविरुद्ध आंदोलने केली. शरद पवार यांनी दोन्ही बिरुदे वापरण्यास हरकत नसावी, अशी समन्वयाची भूमिका घेतली आणि काही दिवसांत वाद ओसरला. परंतु ज्या गृहीतकावर तो उभा होता ते दोन्ही पक्षांनी तपासले नाही. धर्म आणि स्वराज्य या सतराव्या शतकात परस्परांपासून वेगळ्या काढता येण्याजोग्या बाबी होत्या, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात त्याचीच चिकित्सा करावयाची आहे.

प्रथम साधनांचा विचार करणे इष्ट ठरेल. संभाजी महाराजांची हत्या मार्च १६८९ मध्ये झाली. ‘मआसिर-ए-आलमगिरी’ हा मोगल पक्षाचा ग्रंथ या शिक्षेस धर्मशास्त्रज्ञांच्या अभिप्रायाचा आधार देतो. धर्मांतराच्या प्रस्तावाचा सविस्तर प्रसंग मात्र उत्तरकालीन मराठी बखरींतून येतो. म्हणजे, या मृत्यूला धर्माचा संदर्भच नव्हता असे म्हणता येत नाही, आणि बखरीतील संवाद जसाच्या तसा प्रमाण मानणेही शास्त्रशुद्ध नव्हे. याच राजाने औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहाजादा अकबर यास १६८१ पासून आश्रय दिला होता, ही बाब ‘धर्मवीर’ या बिरुदात बसत नाही. त्यानेच ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ रचला, ही बाब ‘स्वराज्यरक्षक’ या बिरुदात मावत नाही. ज्या बखरींनी बलिदानाची कथा रंगविली त्याच परंपरेने संभाजी महाराजांचे चरित्र काळवंडूनही टाकले होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्राने ते काजळ पुसले, आणि तेही बिरुद देऊन नव्हे, तर कागदपत्रे तपासून. या परिश्रमाची आठवण २०२२-२३ च्या वादात फारशी कोणास झाली नाही.

शब्दांचीही तीच गत आहे. ‘स्वराज्य’ हा शब्द आज ऐकणाऱ्यास लोकमान्य टिळकांचे स्वराज्य आठवते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत मात्र तो मुलखाच्या हक्काचा, बऱ्याच अंशी महसुली व्यवस्थेचा शब्द आहे. १७१९ साली शाहू महाराजांस मोगल बादशहाकडून मिळालेल्या सनदांत चौथाई आणि सरदेशमुखी यांच्याबरोबर स्वराज्याचीही सनद होती. ‘धर्म’ या शब्दाच्या कक्षेत तर उपासना, वर्णाचार, न्यायदान, दानपत्रे, वतनांचे रक्षण हे सारेच येत असे. तेव्हा ‘धर्मवीर’ म्हणताच राजा आजच्या अर्थाने सांप्रदायिक ठरतो आणि ‘स्वराज्यरक्षक’ म्हणताच तो आजच्या अर्थाने धर्मनिरपेक्ष ठरतो, हे दोन्ही निष्कर्ष शब्दांच्या अर्वाचीन अर्थावर उभे आहेत.

या संदर्भात इंदापूरचा दाखला विशेष उद्बोधक आहे. शिवाजी महाराजांच्या आश्रयाने कवींद्र परमानंदाने रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात महाराज हे म्लेंच्छांच्या पारिपत्यासाठी अवतरलेले विष्णूचे अंश आहेत. हिंदुत्ववादी मांडणीस हा आधार पुरेसा वाटतो. परंतु महाराजांचे आजोबा मालोजीराजे निजामशहाच्या चाकरीत असता इंदापूरच्या लढाईत पडले, हेही तेच काव्य सांगते आणि मलिक अंबरच्या शौर्याचा गौरवही करते. मालोजीराजांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. त्यांच्या शहाजी व शरीफजी या पुत्रांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली गेली, असे परंपरा सांगते. त्यांची गढी आणि चाँदशाहवली बाबांचा दर्गा ही दोन्ही स्थळे इंदापुरातच आहेत. एकाच घराण्यातील या श्रद्धांना ‘सर्वधर्मसमभाव’ हे विसाव्या शतकातील नाव देणेही तितकेच घाईचे ठरेल. सभासद बखरीतही देवस्थानांच्या बरोबरीने पीर व मशिदी यांच्या दिवाबत्तीची तरतूद नोंदविली आहे, आणि अफझलखानाने केलेल्या देवस्थानांच्या उपद्रवाचे वर्णनही आहे. एक पक्ष पहिले पान वाचतो, दुसरा पक्ष दुसरे.

बिरुदे केवळ भूतकाळासाठी वापरली जात नाहीत, ती जिवंत माणसांनाही चिकटतात. ‘धर्मवीर’ या शब्दाचा वाद पेटला त्याच वर्षी ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांच्यावरील त्याच नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला होता. बारामतीकडे पाहिले तर समर्थकांनी शरद पवार यांस ‘जाणता राजा’ म्हणण्याची प्रथा पडली, आणि जानेवारी २०२० मध्ये उदयनराजे भोसले यांनी त्यावर टीका केली. पवार यांचे उत्तर असे की, हा शब्द रामदासांचा असून महाराजांची खरी उपाधी ‘छत्रपती’ हीच होती. हे उत्तर इतिहासदृष्ट्या निर्दोष असले तरी त्यातून रामदासांच्या गुरुत्वाचा, पर्यायाने ब्राह्मण-ब्राह्मणेतर संघर्षाचा जुना प्रश्न नकळत पुढे आला.

असा वाद एकट्या महाराष्ट्रातच होतो असे नाही. अमेरिकेत राष्ट्रसंस्थापक श्रद्धाळू ख्रिस्ती होते की धर्म व शासन यांत भिंत उभारणारे होते, यावर दोन प्रमुख पक्षांचे समर्थक दीर्घकाळ भांडत आले आहेत. एक बाजू १७७६ च्या जाहीरनाम्यातील ‘निर्मिक’ दाखविते, दुसरी जेफर्सनचे १८०२ चे पत्र. डेव्हिड बार्टन यांचे जेफर्सनविषयक पुस्तक तथ्यदोषांमुळे २०१२ साली प्रकाशकानेच मागे घेतले. परंतु तेथे संस्थापकांनी लिहिलेली राज्यघटना आजही कायदा आहे. त्यांच्या हेतूचा अर्थ लावल्याने न्यायालयीन निकाल बदलू शकतो. शिवाजी महाराजांच्या कोणत्याही आज्ञापत्राने आज कोणाचा हक्क ठरत नाही. तो १९५० पासून लागू असलेल्या संविधानाने ठरतो. असे असूनही येथील वाद अधिक कडवट होतो, कारण येथे प्रश्न कायद्याचा नसून वारशाचा आहे : राजा कोणाचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, आणि त्याच्या नावाने बोलण्याचा अधिकार कोणास.

या अधिकाराच्या भांडणात पहिला आघात साधनांवर होतो. जेम्स लेन यांच्या पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला, तेव्हा हस्तलिखिते व दुर्मिळ ग्रंथ यांची नासधूस झाली. त्या पुस्तकावरील बंदी २०१० साली सर्वोच्च न्यायालयानेही टिकू दिली नाही, पण ज्या पोथ्या व कागद फाटले त्यांवर कोणत्याही न्यायालयाचा निर्णय लागू होणारा नव्हता.